पाटीवर न लिहिलेलं : कायद्यात मूल्यं शिरतात कुठून?

आमच्या सोसायटीच्या बागेच्या फाटकावर एक पाटी आहे. ‘बागेत वाहने आणण्यास सक्त मनाई आहे.’ मध्यंतरी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्यांची नात चाकाच्या खुर्चीतून संध्याकाळच्या हवेला घेऊन निघाली, तर नव्या वॉचमनने फाटकातच अडवलं.

“ताई, वाहन आत चालत नाही.”

आजी म्हणाल्या, “अरे बाळा, हे वाहन असेल तर मी काय त्यातला माल?”

तो ओशाळला, पण हटला नाही. “मी काय करू आजी, पाटीवर लिहिलंय ना.”

शेवटी कुणीतरी त्याला समजावलं आणि खुर्ची आत गेली. पाटी बदलायची की नाही यावर नंतर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे रण माजलं, त्याबद्दल न बोललेलं बरं.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कायद्याच्या तत्त्वज्ञानातला विसाव्या शतकातला एक फार गाजलेला वाद अशाच पाटीवरून झालेला आहे. १९५८ साली ऑक्सफर्डचे प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. त्यात त्यांनी उदाहरण घेतलं ते बागेत वाहन आणायला बंदी करणाऱ्या नियमाचं. मोटार आत येणार नाही हे उघड आहे. पण सायकल? चाकांचे बूट? लहान मुलाची खेळण्यातली मोटार? हार्वर्डचेच लॉन फुलर यांनी लगेच त्याला उत्तर लिहिलं, आणि तेव्हापासून जगभरातले कायद्याचे विद्यार्थी त्या बागेच्या फाटकाशी उभे आहेत.

आमच्या वॉचमनला काय कळलं नव्हतं? त्याला वाचता येत होतं. ‘वाहन’ म्हणजे काय हेही ठाऊक होतं. त्याने पाहिलं नाही ते इतकंच, की ही पाटी लावलीय कशासाठी. खेळणाऱ्या मुलांना धक्का लागू नये, धूर नको, गोंगाट नको, म्हाताऱ्या माणसांना निवांत बसता यावं. ‘कशासाठी’ असं विचारलं की आपण शब्दकोशातून बाहेर पडतो आणि कशाला किंमत द्यायची या प्रश्नाशी येतो. मूल्य म्हणजे एवढंच. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासामुळे हा शब्द उगाच सुविचाराच्या फळ्यावर जाऊन बसलाय.

हार्ट यांचं म्हणणं असं. नियमाच्या शब्दाला एक गाभा असतो आणि एक अंधूक कड असते. गाभ्यात वाद नसतो. कडेवर मात्र न्यायाधीशाला ठरवावं लागतं, आणि तिथे तो समाजाची गरज, हेतू वगैरे बघतो. पण म्हणून कायदा आणि नीती एकच आहेत असं होत नाही. एखादा कायदा अधिकार असलेल्या यंत्रणेने रीतसर केला असेल तर तो कायदा आहे. तो वाईट असेल तर वाईट कायदा म्हणा, बदला, हवं तर मोडा आणि शिक्षा भोगा. मात्र ‘हा कायदाच नव्हे’ असं म्हणू नका, कारण त्याने विचारांचा गोंधळ होतो. या मताला पाठ्यपुस्तकांत भलतं जड नाव आहे. आपण त्याला ‘जे आहे ते आहे’ मत म्हणू.

फुलर यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, तुमच्या त्या गाभ्यातसुद्धा हेतू दडलेलाच असतो. समजा, गावातल्या काही देशभक्तांनी दुसऱ्या महायुद्धात वापरलेला एक चालू स्थितीतला ट्रक बागेत चौथऱ्यावर स्मारक म्हणून उभा करायचं ठरवलं. ट्रक हे वाहन आहे यात शंका नाही. मग नियम मोडला का? नुसत्या शब्दावरून सांगता येत नाही.

त्यांचं दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. नियम असा : रेल्वे स्टेशनात जो झोपेल त्याला पाच डॉलर दंड. पोलिसाने दोघांना पकडलं. पहिला प्रवासी पहाटे तीन वाजता उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत बाकावर ताठ बसलेला होता, पण डोळा लागून हलकेच घोरत होता. दुसरा उशी-पांघरूण घेऊन बाकावर रात्रभराच्या तयारीने पसरला होता, पण त्याला अजून झोप लागायची होती. शब्दाप्रमाणे पहिला गुन्हेगार आणि दुसरा निर्दोष. मनमाड जंक्शनवर रात्र काढलेल्या कुणालाही विचारा, दंड कुणाला व्हायला हवा ते तो चटकन सांगेल. मराठीत ‘झोपला’ म्हणजे नुसता आडवा झाला असाही अर्थ होतो, त्यामुळे आपल्याकडे तो दुसरा गडी सुटणं अवघडच. पण पहिल्याला सोडायला शब्दाबाहेरचं काहीतरी लागेल.

आता बाग आणि बाक सोडून जरा गंभीर गोष्टीकडे येऊ, कारण दंडाच्या पाच डॉलरांत मूल्यांचा खरा भार कळत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रान्सिस पामर नावाच्या म्हाताऱ्याने १८८० साली मृत्युपत्र केलं. दोन मुलींना थोडं थोडं आणि बाकी सगळं नातू एल्मर याला. पुढे आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि ते मृत्युपत्र बदलतील अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा १८८२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, एल्मरने आजोबांना विष घातलं. त्याला शिक्षा झाली, त्याबद्दल वाद नव्हता. वाद पुढचा होता. मृत्युपत्र रीतसर होतं, सह्या होत्या, साक्षीदार होते. वारसाने खून केला तर मृत्युपत्र रद्द, असं त्या राज्याच्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग इस्टेट कुणाची?

१८८९ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने बहुमताने एल्मरच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती अर्ल यांनी लिहिलं, की स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कुणालाही उपटता येणार नाही, हे तत्त्व सगळ्या कायद्यांच्या आणि करारांच्या मुळाशी आहे. न्यायमूर्ती ग्रे यांनी मात्र विरोधी निकाल लिहिला आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. त्यांचा मुद्दा असा, की या मुलाच्या गुन्ह्याची शिक्षा फौजदारी कायद्याने दिलेली आहे, त्यावर आणखी इस्टेट काढून घ्यायचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

पुढे १९६७ मध्ये रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी हा खटला हार्ट यांच्यासमोर पुराव्यासारखा मांडला. कायद्यात नुसते नियम नसतात, तत्त्वंही असतात, असं त्यांचं म्हणणं. नियम लागू होतो किंवा होत नाही. मृत्युपत्राला आपल्याकडे किमान दोन साक्षीदार लागतात, दीड साक्षीदार चालत नाही. तत्त्वाला मात्र वजन असतं, ते तागडीत टाकावं लागतं, आणि कधी कधी ते हरतंसुद्धा. ‘दुष्कृत्याचा फायदा नको’ हे तत्त्व एवढं पक्कं असेल, तर दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षं उघड कब्जा ठेवणाऱ्याला मालकी कशी मिळते? आपल्याकडे बांधावरून भांडणाऱ्या प्रत्येकाला ते बारा वर्षांचं गणित तोंडपाठ असतं. तिथे दुसरं मूल्य जड ठरतं : वाद कधीतरी मिटावेत, जो मालक तपभर फिरकला नाही त्याने उठून सगळं उलथवू नये. तत्त्व तिथेही असतंच. तागडी दुसरीकडे झुकते इतकंच.

हा प्रश्न आपल्याकडेही आला होता, आणि तोही मुंबई इलाख्यात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ मध्ये आज स्पष्ट लिहिलंय की खून करणारा किंवा खुनाला मदत करणारा माणूस मृताचा वारस होऊ शकत नाही. पण त्याआधी असं कलम नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील-न्यायालयाकडे, गेलेल्या ‘केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लप्पा’ या दाव्यात १९२४ साली निकाल लागला. खुनी वारस जणू अस्तित्वातच नाही असं समजा, असं कौन्सिलने म्हटलं, आणि हिंदू धर्मशास्त्रात याबद्दल काही सापडत नसेल तर न्याय, समन्याय (म्हणजे रास्तपणा) आणि सद्सद्विवेकबुद्धी यांच्या आधारे त्याला वगळा.

हे तीन शब्द आले कुठून? एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२७ साली जे रेग्युलेशन झालं, त्यात न्यायाधीशाने कशाच्या आधारे निकाल द्यायचा त्याची उतरंड दिली होती. आधी सरकारी कायदा. तो नसेल तर त्या मुलखाची रूढी. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि यातलं काहीच हाती लागलं नाही तर न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकबुद्धी. म्हणजे मूल्यांना कायद्यात यायला कायद्यानेच एक दार ठेवलेलं होतं, सगळ्यात मागचं.

पण सद्सद्विवेकबुद्धी कुणाची? धारवाडच्या शेतकऱ्याची की लंडनमधल्या लॉर्डाची? १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलने, तेही मुंबई इलाख्यातल्याच एका दाव्यात, याचं उत्तर देऊन टाकलं : या शब्दांचा अर्थ साधारणपणे इंग्लंडच्या कायद्याचे नियम असा घेतला जातो, इथल्या समाजाला ते लागू पडत असतील तर. सद्सद्विवेकबुद्धीला बोटीचं तिकीट काढून दिल्यासारखंच झालं हे. खुन्याला इस्टेट नको, याबद्दल धारवाड आणि लंडन यांचं एकमत असणार, म्हणून केंचव्वाच्या निकालात ते खटकत नाही. पण दार उघडं असलं की आत कोण येईल हे दाराच्या हातात नसतं. या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. मूल्यं कायद्यात येतातच. ती कुणाची आहेत, आणि आणणारा ती उघडपणे आणतोय की पदराआड, हे बघायला हवं.

हार्ट आणि फुलर यांच्या वादाची खरी ठिणगी बागेतली नव्हती, जर्मनीतली होती. १९४४ साली एका जर्मन बाईने नवऱ्याचा काटा काढायचा ठरवलं. सुट्टीवर आलेला सैनिक नवरा घरात हिटलरविरुद्ध काहीबाही बोलला होता. तिने ते जाऊन सांगितलं. असं बोलणं त्या वेळच्या कायद्याने गुन्हा होता. त्याला मृत्युदंड सुनावला गेला, पण फाशी न देता पुन्हा आघाडीवर पाठवलं. युद्ध संपल्यावर १९४९ साली पश्चिम जर्मनीच्या न्यायालयात बाईवर खटला चालला. तिचा बचाव एका वाक्याचा होता : मी कायद्याप्रमाणे वागले.

जर्मन विचारवंत गुस्टाफ राडब्रुख यांनी १९४६ मध्येच यावर एक सूत्र मांडलं होतं. हा गृहस्थ नाझींच्या आधीच्या प्रजासत्ताकात कायदामंत्री होता आणि १९३३ साली हायडेलबर्ग विद्यापीठातल्या प्राध्यापकपदावरून नाझींनी त्याला काढलं होतं. त्यांच्या मते कायद्याला तीन मूल्यं सांभाळावी लागतात : न्याय, लोकहित आणि निश्चितता. उद्या काय होईल ते आज कळलं पाहिजे, म्हणून सहसा निश्चिततेला झुकतं माप द्यावं, कायदा थोडा अन्यायी असला तरी पाळावा. पण अन्याय असह्य टोकाला गेला तर तो कायदा मागे हटला पाहिजे. आणि जिथे समानता मुद्दामच तुडवली जाते, तिथे त्याला कायदा म्हणायलाच नको. हे सूत्र पुस्तकात पडून राहिलं नाही. बर्लिनची भिंत ओलांडू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्याबद्दल पूर्व जर्मनीच्या लोकांवर १९९० च्या दशकात खटले झाले, तेव्हा जर्मन न्यायालयांनी याच सूत्राचा आधार घेतला.

हार्ट यांचा याला विरोध होता. त्या बाईला शिक्षा करायचीच असेल तर पूर्वलक्षी कायदा करा, असं ते म्हणाले. घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून गुन्हा ठरवणं वाईटच. पण आपण दोन वाईटांतलं एक निवडतो आहोत हे निदान उघड कबूल तरी होतं. ‘तो कायदा नव्हताच’ म्हटलं की आपण काही निवडलंच नाही असा आव आणता येतो. मला राडब्रुख जवळचे वाटतात, पण हार्ट यांचा हा टोला विसरता येत नाही.

‘जे आहे ते आहे’ म्हणणारे सगळे हार्ट यांच्याइतके प्रामाणिक असते तर बरं झालं असतं. त्याचं आपलं उदाहरण १९७६ चं.

महाराष्ट्रात ‘मिसाबंदी’ (आणीबाणीत ‘मिसा’ कायद्याखाली स्थानबद्ध केलेला माणूस) हा शब्द अजून घराघरांत माहीत आहे. येरवडा, नाशिकरोड इथल्या तुरुंगांत खटल्याविना ठेवलेल्या माणसांची मुलं-नातवंडं आज ठिकठिकाणी आहेत. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेविरुद्धचं संरक्षण) खाली न्यायालयात दाद मागायचा हक्क स्थगित झाला. तरीही आपली स्थानबद्धता मुळात कायद्याला धरून आहे का, एवढं तरी न्यायालयाने तपासावं, अशी स्थानबद्धांची मागणी होती. नऊ उच्च न्यायालयांनी ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण जबलपूरच्या खटल्याच्या नावाने ओळखलं जातं.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणसाला ठार मारलं तर? आणीबाणी चालू असेपर्यंत न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. स्थानबद्धांना दाद नाही.

बहुमताचा सूर असा, की शब्द स्पष्ट आहेत, आमचे हात बांधलेले आहेत. म्हणजे आमच्या वॉचमनचंच वाक्य : पाटीवर लिहिलंय ना. पण निकालपत्रं वाचली की हात तेवढे बांधलेले दिसत नाहीत. न्यायमूर्ती बेग यांनी लिहिलं, की सरकारी अधिकारी स्थानबद्धांची घेत असलेली काळजी जवळजवळ आईच्या मायेची आहे. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी हिऱ्यासारखी तेजस्वी आणि हिऱ्यासारखी कठीण आशा व्यक्त केली, की स्थानबद्धांना मारहाण, उपासमार किंवा गोळ्या घालणं असं काही स्वतंत्र भारतात कधी घडणार नाही. ही माया आणि हा हिरा राज्यघटनेच्या कोणत्या अनुच्छेदात आहेत? सरकारवर विश्वास ठेवावा, हे एक मूल्य आहे. त्यांनी तेच तागडीत टाकलं, फक्त तागडी झाकून ठेवली.

उलट एकटे पडलेले खन्ना यांनी केवळ सद्सद्विवेकाला हाक घातली असं नाही. त्यांचा युक्तिवाद कायद्याचाच होता. जगण्याचा हक्क काही अनुच्छेद २१ ने भेट म्हणून दिलेला नाही, तो घटनेच्या आधीपासून आहे. तो अनुच्छेद नसता तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य काढून घेण्याची सत्ता सरकारला मिळत नाही, कारण कायद्याचं राज्य म्हणजे दुसरं काय? मूल्याची बाजू घेणारा न्यायाधीश कायदा सोडून देतो, हा समज या निकालपत्राने खोटा ठरतो. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं झालं. आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. त्यातलं मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव.

आतापर्यंतची गोष्ट वाचून कुणाला वाटेल, की मूल्यं आली म्हणजे भलंच होतं. तसं अजिबात नाही. बहुसंख्यांची नीतिकल्पना हेही मूल्यच असतं.

इंग्लंडमध्ये १९५७ साली वुल्फेंडन समितीने सुचवलं, की प्रौढ पुरुषांमधले संमतीचे खासगी समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत. त्यावर न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांनी १९५९ च्या व्याख्यानात आक्षेप घेतला. समाज सामायिक नीतीवर उभा असतो, ती ढासळली तर समाज ढासळतो, आणि काय खपवून घ्यायचं याची कसोटी म्हणजे साध्या सरळ माणसाला येणारा संताप आणि किळस. हार्ट यांनी विचारलं, की किळस येते ती नीतीमुळे की पूर्वग्रहामुळे, हे कळायचं कसं? आपल्याकडे ज्यांच्या सावलीचीही किळस मानली गेली त्यांच्या वंशजांना या प्रश्नाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

इथेच बाबासाहेबांचा एक शब्दप्रयोग कामी आला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचा हवाला देऊन ‘संविधानिक नैतिकता’ ही कल्पना मांडली. ती माणसात उपजत नसते, जोपासावी लागते, आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असं ते म्हणाले. भारताची माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हे तिच्यावर नुसतं वरून टाकलेलं ‘टॉप ड्रेसिंग’ आहे, असंही. त्या इंग्रजी शब्दाला आपला शेतकरी वरखत म्हणतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या विरोधात २००९ मध्ये निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने ‘संविधानिक नैतिकता’ हा शब्द उचलला. लोकांची नीती एकीकडे आणि संविधानाची नीती दुसरीकडे, आणि न्यायालयाने दुसरीचा पक्ष घ्यायचा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने पुन्हा उलट निकाल दिला. कलमाचे शब्द तेच आणि घटनेचे हक्कही तेच. तागडीत कशाला किती वजन द्यायचं ते बदललं.

निकाल मला आनंदाचा वाटला. तरी एक खोच आहे. बाबासाहेब त्या भाषणात प्रशासनाचे तपशील घटनेतच का घातले याचं समर्थन करत होते. घटनेने घालून दिलेल्या रीतींचा आदर, एवढ्या बेताच्या अर्थाने तो शब्द आला होता. आज तो पुष्कळ ताणला गेलाय. ताणणं चूकच असं नाही, पण ताणलंय हे सांगायला हवं. नाहीतर न्याय-समन्यायाच्या जुन्या दारासारखं याही दारातून कुणीही काहीही आणेल.

आणि आता डान्सबार. बाकी सगळं परकं वाटलं तरी हे आपलं घरचं प्रकरण आहे. २००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बिअर बार, परमिट रूम अशा ठिकाणच्या नाचावर बंदी आली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट. सरकारची कारणं दोन होती : बायकांची अप्रतिष्ठा आणि समाजाची नीती. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. निकालातला एक मुद्दा फारच मार्मिक आहे. तोच नाच पंचतारांकित हॉटेलात चालतो आणि साध्या बारमध्ये चालत नाही, म्हणजे श्रीमंताचं चारित्र्य गरिबापेक्षा भक्कम असतं असं गृहीत धरलंय का? आणि बायकांच्या प्रतिष्ठेसाठी केलेल्या कायद्याने हजारो बायकांची रोजीरोटी गेली होती. बारबालांची संघटना स्वतः न्यायालयात उभी होती, ती बंदीच्या विरोधात.

सरकारने २०१६ साली नवा कायदा आणला. त्यावर १७ जानेवारी २०१९ ला निकाल लागला. नीतीच्या कल्पना काळाबरोबर बदलतात, असं म्हणत न्यायालयाने बऱ्याच अटी उडवल्या : शाळा-देवळापासून एक किलोमीटरची अट, नाचाच्या जागी सीसीटीव्हीची सक्ती, तिथे दारू न देण्याची अट. अश्लील नाचावरची बंदी राहिली. आणि राहिली आणखी एक बंदी : नाचणारीवर नोटा उधळायच्या नाहीत. बक्षिशी हातात द्यायला हरकत नाही.

म्हणजे दौलतजादा बंद. हे मी आमच्या गावाकडच्या अण्णांना सांगितलं. त्यांची अर्धी हयात तमाशाच्या कनातीत गेलेली. ते म्हणाले, “बरोबरच आहे की. दौलतजादा हातातच द्यायची असते, नाव पुकारून. उधळतो तो उडाणटप्पू. जज्जसाहेब फडावर येऊन गेलेत म्हणायचं.”

आत भाकरी थापणाऱ्या काकूंचा हात थांबला. त्या तिथूनच म्हणाल्या, “आणि पैसे देताना बाईचा हात धरून ठेवला तर? उधळली असती तर निदान लांबून तरी उधळली असती.”